जुन्या गाडीचं इंजिन ऑइल आणि गळती: खान्देशात सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांसाठी

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली बोलेरो, इंडिका किंवा वॅगन आर दारात आली की थोड्याच दिवसांत अंगणातल्या फरशीवर एक काळा डाग दिसतो. मग शेजारचं कुणीतरी सांगतं, "भो, जाड ऑइल टाकी दे, काही होत नही." सल्ला मनापासूनचा असतो आणि काही वेळा बरोबरही निघतो. पण डाग कशाचा आहे, कुठून येतोय आणि किती येतोय हे न बघता नुसता डबा बदलला, तर पैसे जातात आणि गळती जागेवरच राहते. त्यामुळे माझा आग्रह एकच आहे: आधी मोजा, मग शोधा, ऑइल कोणतं टाकायचं ते सगळ्यात शेवटी ठरवा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

पायरी १: डाग कशाचा आहे ते ओळखा

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवा. रावेर-यावलकडं केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे हवे तेवढे मिळतात, ते उत्तम. पुढच्या दोन्ही चाकांची जागा पुठ्ठ्यावर खुणेनं दाखवा, म्हणजे सकाळी थेंब गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळेल.

मे महिन्यात एसी लावून आलात तर खाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी साचतं. ते एसीचं पाणी, त्याची काळजी नको. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं, बोटांत चिकट-गुळगुळीत लागतं आणि त्याला जळकट वास येतो. गिअर ऑइल जास्त जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी द्रव म्हणजे कूलंट. ते विषारी असतं, त्यामुळे चव घेऊन बघायचं नाही, आणि कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून डाग लगेच धुवून टाका. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलखाली पातळ, फिकट द्रव दिसला तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. अशी गाडी चालवत गॅरेजला न्यायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं.

डाग इंजिन ऑइलचाच आहे असं ठरलं की पुढं चला.

पायरी २: आठ-पंधरा दिवस नुसतं मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. डिपस्टिक काढा, कापडानं कोरडी पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. मीटरचं रीडिंग, तारीख आणि पातळी एका वहीत लिहून ठेवा. दर आठवड्याला, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्याआधी, हेच करा.

फरशीवरचा डाग फसवा असतो. चार थेंब पसरले तरी केवढा मोठा डाग दिसतो, पण वहीत पातळी हललेलीच नसते. अशी गाडी वर्षभर नुसती लक्ष ठेवून चालवता येते. उलट काही गाड्यांखाली थेंबही पडत नाही आणि हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल गायब होतं. तिथं ऑइल गळत नाही, जळतंय. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालेल असं लिहितात, पण अर्ध्या लिटरच्या वर गेलं की कारण शोधायला लागावं.

जळणारं ऑइल सायलेन्सरच्या धुरात दिसतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर येऊन लगेच थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर जातो. रात्रभरात ऑइल त्यातून खाली झिरपलेलं असतं. चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंगा झिजल्याची शक्यता जास्त. डिझेल गाडीचा काळा धूर हा वेगळा विषय आहे, तो बहुतेक वेळा डिझेल-हवेच्या प्रमाणाचा असतो, ऑइलचा नाही.

पातळी वाढताना दिसली तर मात्र गाडी थांबवा. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात कूलंट नाहीतर इंधन मिसळतंय. डिपस्टिकवर चहासारखा दुधाळ रंग आला तर कूलंट समजा. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई वारंवार अर्धवट राहिली, म्हणजे गाडी फक्त गावातल्या गावात फिरली, तर डिझेल ऑइलमध्ये उतरू शकतं.

पायरी ३: गळतीची जागा शोधा

ऑइल वरून खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं पसरतं. त्यामुळे थेंब जिथं पडतो तिथंच गळती असेल असं नाही. शोध नेहमी वरून खाली आणि पुढून मागं घ्यायचा. सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी.

आपल्याकडं काळ्या मातीची धूळ ऑइलवर बसते आणि इंजिनवर खपली तयार होते. खपली कोरडी असेल तर गळती जुनी, कदाचित आधीच्या मालकानं दुरुस्त केलेली. वर ओली चकाकी असेल तर गळती चालू आहे. पण खपलीखाली काही नीट दिसत नाही, म्हणून आधी इंजिन साफ करा. गार इंजिनवर डीग्रीझर किंवा थोडं रॉकेल-डिझेल ब्रशनं लावा, खरवडा, कापडानं पुसा. पेट्रोलनं धुवू नका, आग लागते. वॉशिंग सेंटरला नेलीत तर अल्टरनेटर, वायरिंगचे सॉकेट आणि कंप्युटर प्लॅस्टिकनं झाकायला सांगा. सगळं वाळल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च लावून बघा. पावडरीवर ऑइलची रेघ स्पष्ट उमटते.

सगळ्यात वर टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची, पॅकिंग. जुन्या गाडीत ही हमखास कडक झालेली असते, आणि तिथून ऑइल थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या पाइपावर) उतरू शकतं. बॉनेटमधून जळका वास किंवा हलका धूर येत असेल तर आधी इथं बघा. ही गळती थेंबांनी लहान असली तरी आगीच्या भीतीमुळे तातडीची आहे. पॅकिंग स्वस्त, काम सोपं, लगेच करून घ्या.

ऑइल फिल्टर आणि ऑइल प्रेशर स्विच या दोन जागा अनेकदा राहून जातात. फिल्टर बदलताना जुन्याची रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसवला, तर गाडी भसाभस ऑइल फेकते. प्रेशर स्विच हा छोटासा पार्ट आहे. त्याच्या वायरच्या टोकाशी ऑइल दिसलं तर स्विचच बदलायचा.

खाली चेंबरची पॅकिंग आणि चेंबर नट. नटाखाली तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर असतो, तो एकदा दाबला गेला की पुन्हा नीट बसत नाही. दर सर्व्हिसला नवा टाका. तो न बदलता नट आणखी जोरात आवळला तर चेंबरचे आटे जातात, आणि मग मोठं काम निघतं.

पुढच्या बाजूला क्रँक सील आणि कॅम सील. टायमिंग बेल्टच्या गाडीत इथलं ऑइल बेल्टवर जातं, बेल्ट खराब होतो, आणि तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. टायमिंग बेल्ट बदलायला गाडी उघडली असेल तर ही सीलं त्याच वेळी बदलून घ्या.

मागं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असेल तर बॅक ऑइल सीलचा संशय येतो. सीलची किंमत किरकोळ, पण तिथं पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरीच खरी. म्हणून गळती हळू असेल आणि क्लच नीट असेल तर थांबा, पुढं क्लचप्लेट बदलताना सील बदला. क्लच घसरायला लागला, म्हणजे रेस वाढते पण गाडी पळत नाही, तर ऑइल प्लेटवर गेलेलं असू शकतं. मग थांबायचं नाही. गिअरबॉक्सचं इनपुट सीलही याच जागी गळतं, म्हणून थेंबाचा वास घेऊन ते इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल ते आधी ठरवा.

ब्रीदर बघितल्याशिवाय एकही सील बदलू नका

पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तो बाहेर निघून इनटेककडं, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या मार्गाकडं, जातो. हा मार्ग चिकट मळीनं बुजला की आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथं जागा मिळेल तिथून बाहेर रेटलं जातं. अशा गाडीत एक सील बदललं की दुसरं गळायला लागतं, आणि मालकाला वाटतं मेकॅनिकनं काम नीट केलं नाही.

तपास सोपा आहे. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा, तोंड लांब ठेवून. हलकी हवा जाणवणं साहजिक. झाकण उडायला लागलं किंवा धुराचे झोत आले तर आधी ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ करा किंवा बदला. तरी तसंच राहिलं तर "ब्रीदर मारतोय" असं गॅरेजमध्ये म्हणतात, म्हणजे रिंगा-बोअर झिजलेत. तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) करून घ्या आणि मगच इंजिनकामाचा विचार करा.

रिंगा लवकर झिजण्यामागं आपल्या भागात धुळीचा मोठा वाटा आहे. कापूस, मका, ज्वारीच्या हंगामात शेतरस्त्यानं फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कंपनीनं लिहिलेल्या किलोमीटरपर्यंत टिकत नाही. फिल्टरपुढचा पाइप फाटलेला असेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ऑइलवर कितीही खर्च करा, त्या झिजेपुढं तो वाया जातो.

पायरी ४: दुरुस्ती करून घेताना

पॅकिंग बसवताना सिलिकॉनचा जाड थर लावू देऊ नका. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच ते आतही दाबलं जातं. त्याचे तुकडे सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकले तर ऑइल पंपाला ऑइल मिळत नाही आणि इंजिन जाम होऊ शकतं. जिथं कंपनीनं रबर पॅकिंग दिलंय तिथं रबर पॅकिंगच हवं, आणि जिथं सिलिकॉन सांगितलंय तिथं बारीक एकसारखी रेघ पुरते. दोन्ही पृष्ठभाग आधी खरवडून, पुसून कोरडे केलेले असले पाहिजेत. काम चालू असताना शेजारी उभं राहून हे बघण्यात संकोच करू नका. चांगला मेकॅनिक स्वतःहून दाखवतो.

गळती थांबवणाऱ्या बाटल्या दुकानात मिळतात. त्यातली रसायनं रबराला फुगवतात. मी त्या सुचवत नाही. चांगली सीलं त्यांनी मऊ पडू शकतात, आणि फाटलेलं सील त्यानं शिवलं जात नाही.

पायरी ५: आता ऑइल निवडा

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. धुळ्यात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आपण शेकोटी पेटवतो, पण ऑइलच्या हिशेबानं ती थंडी नाहीच. तरीही आकडा जेवढा कमी तेवढं ऑइल सकाळी वरपर्यंत लवकर पोचतं, आणि झिजलेल्या इंजिनाला त्याचा फायदा होतो.

दुसरा आकडा १०० अंशाला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) मध्ये असतं, ४० ग्रेड १२.५ ते १६.३ च्या मध्ये. म्हणजे जाडीतला फरक खरा आहे, भासाचा नाही.

"आपल्याकडं ४५ अंश ऊन, म्हणून जाड ऑइल हवं" हे वाक्य जळगाव-भुसावळला फार ऐकू येतं. पण इंजिन नीट गार होत असेल तर थर्मोस्टॅट आणि रेडिएटर त्याचं तापमान एका पट्ट्यात धरून ठेवतात, आणि गरम इंजिनातलं ऑइल बहुतेक वेळ ९० ते ११० अंशांच्या आसपास राहतं. उन्हाचा फरक पडतो तो भरलेली पिकअप दुपारी कन्नड घाट किंवा सेंधव्याकडचा बिजासन घाट चढताना. तिथं काटा वर जात असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ आणि कापसाचे तंतू काढा, फॅन आणि कूलंट तपासा. तापणारं इंजिन ऑइलनं थंड होत नाही.

मग जाड ऑइल कधी? गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात हवेच्या तापमानानुसार चालणाऱ्या ग्रेडचा तक्ता असतो. तक्त्यात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही असतील, गाडी दीड लाखाच्या पुढं असेल आणि ऑइल थोडं खात असेल, तर ४० घ्या. एक पायरी वर, तेवढंच. खप थोडा कमी होतो, गळती जरा मंदावते. ५डब्ल्यू-३० च्या आधुनिक इंजिनात थेट २०डब्ल्यू-५० ओतू नका. अरुंद मार्ग, हायड्रॉलिक टॅपेट, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, टर्बो, या सगळ्यांना ऑइल वेळेवर पोचावं लागतं. सकाळी टॅपेटचा आवाज लांबतो, अॅव्हरेजही घटतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० किंवा ओम्नीची गोष्ट वेगळी, तिथं २०डब्ल्यू-४० सारखी ऑइलं वर्षानुवर्षं चाललेली आहेत. जुन्या साध्या डिझेल इंजिनांत १५डब्ल्यू-४० सर्रास चालतं.

ग्रेडइतकंच महत्त्व एपीआयच्या, म्हणजे ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या, अक्षरांना आहे. 'एस'पासून सुरू होणारी पेट्रोलसाठी: एसएल, एसएन, एसपी. 'सी'ची डिझेलसाठी: सीआय-४, सीके-४. पेट्रोलच्या 'एस' मालिकेत नंतरचं अक्षर म्हणजे नवीन दर्जा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा, आणि जिथं एसएल सांगितलंय तिथं एसएन सहसा चालतं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ असेल तर राख कमी करणारं, कंपनीनं सांगितलेलंच ऑइल टाका. चुकीच्या ऑइलच्या राखेनं डीपीएफ भरतो, आणि तो फार महागात जातो. मोटरसायकलला कारचं ऑइल नको: तिथं क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं.

'हाय मायलेज' असं लिहिलेल्या ऑइलमध्ये कडक झालेल्या रबराला थोडं मऊ करणारी द्रव्यं असतात. नुसतं ओलसर होणारं, हळू झिरपणारं सील काहीशे किलोमीटरनंतर त्यानं सुधारू शकतं. फाटलेलं सील, खाच पडलेली क्रँक किंवा सैल बोल्ट यांना त्याचा उपयोग नाही.

सिंथेटिकनं गळती सुरू होते ही भीतीही ऐकाल. आजच्या सिंथेटिक ऑइलनं सीलं खराब होत नाहीत. मात्र वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात मळीनंच सीलची फट बुजवलेली असते, आणि चांगलं ऑइल ती मळी हळूहळू धुतं. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसचा पत्ता नसेल तर पहिले दोन-तीन बदल लवकर, तीन-तीन हजार किलोमीटरला करा. इंजिन फ्लश टाकून एकदम धुवायच्या मागं लागू नका, सुटलेली मळी जाळीत जाऊन बसते.

पायरी ६: बदलताना

इंजिन कोमट असताना ऑइल काढा, पूर्ण निथळू द्या. फिल्टर दर वेळी नवा, त्याच्या रबर रिंगेला बोटानं ऑइल लावून हातानं बसवा. मॅन्युअलपेक्षा थोडं कमी ऑइल भरा, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा आणि मग खुणेपर्यंत आणा. वरच्या खुणेच्या पुढं भरलं तर क्रँक ऑइल घुसळते, फेस होतो, आणि गळती वाढते.

सुटं ऑइल घेऊ नका. डब्याचं सील आणि बॅच नंबर बघा, बिल घ्या, आणि रिकामा डबा भोक पाडून टाका, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरून विकलं जाणार नाही. काढलेलं काळं ऑइल बांधावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही. त्यात धातूचे कण आणि विषारी द्रव्यं असतात. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या, तिथून ते पुनर्वापरासाठी घेतलं जातं.

धूळ, ओझं आणि घाट असलेल्या गाडीला खनिज ऑइल ५,००० किलोमीटरला बदलणं योग्य. किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच.

गाडीत त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा ठेवा. चालू गाडीत ऑइलच्या झारीचं लाल चिन्ह पेटलं तर ते बहुतेक गाड्यांत पातळीचं नसून दाबाचं असतं. पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ असं म्हणायचं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तर भरा आणि सुरू करून बघा. दिवा विझला नाही तर टोचन करूनच न्या.